विश्वाला बाहेर नसतं

फळ्यावरचं चाकाचं चित्र पुरं करून ती वर्गाकडे वळली, तेव्हा शेवटच्या बाकावर तिला दादा बसलेला दिसला. आधी वाटलं, कुणा मुलाचे वडील असतील, तोंडावळा सारखा असेल. मग त्या गृहस्थानं हात वर केला, शाळकरी मुलं करतात तसा, एका हाताचं कोपर दुसऱ्या हातानं धरून, आणि तिची खात्री पटली. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गुळगुळीत दाढी, हनुवटीवर घाईत कापल्याची ताजी लाल रेघ. आणि डोळे इतके जागे, की त्यांच्याकडे बघणाऱ्यालाच दमायला व्हावं. त्याचे असे डोळे तिनं आयुष्यात एकदाच पाहिले होते, बऱ्याच वर्षांपूर्वी. तेव्हा दादा सोसायटीच्या जिन्याचे लोखंडी कठडे सकाळपासून पॉलिशपेपरनं घासत बसला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, की या लोखंडाला रंगाखाली श्वास घेता येत नाहीये. बोटांतून रक्त येत होतं तरी त्याला त्याचा पत्ता नव्हता.

"मॅडम, एक शंका होती," दादा म्हणाला.

मुलं मागं वळून हसली. कॉलेजात कुणीही येऊन बसतं, त्यात पांढरे कल्ले असलेला माणूस हात वर करून शंका विचारतो म्हटल्यावर तास मजेत जाणार हे त्यांनी ओळखलं. तिनं खडू उगाच या हातातून त्या हातात घेतला. "विचारा," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार.

"तुम्ही आत्ता सांगितलंत, की बाहेरून काहीही न घेता कायम चालत राहील असं यंत्र बनवता येत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग विश्वाचं काय? त्याला बाहेर आहेच कुठे? ते कुणाकडून काय घेतंय? आणि तरी चाललंय ना मस्तपैकी?"

वर्गात एकदम जान आली. पुढच्या बाकावरची नेहमी पेंगणारी मुलगी ताठ बसून म्हणाली, "मॅडम, त्यांचं बरोबर आहे." मुलं आपल्या मॅडमना पाठीमागं घर्षण मॅडम म्हणत, कारण कुठलंही गणित सोडवून आणलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: घर्षण विसरलात का? तर आता घर्षण मॅडम काय बोलतात, याची सगळ्यांना उत्सुकता होती. प्रश्न तिला नवा नव्हता. दरवर्षी कुणीतरी तो विचारतंच, आणि दरवर्षी ती तेच उत्तर देते. यंत्र कशाला म्हणायचं, तर जे दुसऱ्या कुणासाठी काम करतं त्याला. पाणी उपसतं, दळण दळतं. विश्वाला बाहेर नाही, म्हणजे ज्याच्यासाठी काम करायचं असा दुसरा कुणी नाही, तेव्हा त्याला यंत्र म्हणण्यात अर्थ नाही. तिनं ते म्हटलं. आवाज नीट लागला होता, एक शब्द अडखळला नाही. पण बोलताना तिची नजर बाकाखाली होती. तिथं दादाचा पाय टाचेवर टेकून, शिलाईच्या मशिनीवर असावा तसा, भराभर हलत होता, आणि वरचं धड मात्र गंभीर विद्यार्थ्यासारखं अगदी स्थिर होतं.

"म्हणजे प्रश्नाला उत्तर नाही, प्रश्नाचं नावच बदललंत," दादा म्हणाला, आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या. त्यानं उठून सगळ्यांना हात जोडले. मुलांना तो फार आवडला होता. हीच तर भीती होती. अशा दिवसांत तो सगळ्यांनाच फार आवडे.

घंटा झाली तशी मुलांनी त्याला गराडा घातला. ती व्हरांड्यात आली आणि तिनं वहिनीला फोन लावला. वहिनीचं लाँड्रीचं दुकान होतं. मागं यंत्रांची घरघर चालली होती आणि तिच्यावर वहिनीचा आवाज, दबलेला. "तुझ्याकडे आलेत? देवा. मी सकाळपासून फोन लावतेय. अगं, किती दिवस डोळ्याला डोळा नाही त्यांच्या. गोळ्या बंद केल्यात. मला म्हणायचे घेतो, आणि आज उशीच्या अभ्र्यात सगळ्या सापडल्या." डॉक्टरीणबाईंशी बोलणं झालं होतं. त्या संध्याकाळपर्यंत दवाखान्यात होत्या. घेऊन या म्हणाल्या होत्या. वाद घालू नका, त्याच्या हो ला हो करू नका, आणि एकटं सोडू नका. "आणि बळजबरी नको हं," वहिनी म्हणाली, "मागच्यासारखं." ते तिला सांगायला नको होतं. मागच्या वेळी शेजारच्या पुरुषांनी दादाला हातापायांना धरून गाडीत घातलं होतं, आणि बरा झाल्यावर कित्येक महिने तो पाठीवरच्या कुणाच्या साध्या थापेनंही दचके. तेव्हा तिनं त्याला शब्द दिला होता, की पुन्हा कुणी तुला असं धरणार नाही. दिला तेव्हा सोपा होता. पुन्हा असं काही होणार नाही, असंच तेव्हा सगळे धरून चालले होते.

दादा बाहेर आला तो थेट जिना उतरू लागला, मग फाटकाबाहेर, मग रस्त्यानं. ती पर्स सावरत मागं. त्याची चाल भरधाव नव्हती, पण ती कुठं मोडतच नव्हती. सिग्नल लाल झाला की तो फुटपाथाच्या कडेकडेनं पुढं चालत राही आणि हिरवा झाला की तिथून ओलांडे. चहाच्या दुकानाशी थांबू या का, असं तिनं दोनदा सुचवलं. तो म्हणाला, चालता चालता बोलू. आणि तो बोलत होता. खरं सांगायचं तर छान बोलत होता. वाटेतल्या प्रत्येक इमारतीची लिफ्ट त्याला ठाऊक होती. निम्मं आयुष्य त्यानं त्यांची देखभाल करण्यात घालवलं होतं. ही तिसऱ्या मजल्याशी कुरकुरते, त्या बँकेतली म्हाताऱ्या कुत्र्यासारखी हाक मारल्यावर उठायला वेळ लावते. तिला हसू आलं, आणि हसल्याबरोबर भीती वाटली. तो हसवतोय म्हणून आपण हसलो, की आपण हसलो म्हणून तो आणखी वर चढणार? अशा माणसाबरोबर चालताना आपला प्रत्येक श्वास म्हणजे एक धक्का, पाळण्याला दिलेला. द्यायचा नाही म्हटलं तरी हात लागतोच.

पाळणा कुठला, चाक. आईच्या शिलाई मशिनीचं चाक. दादाच्या नाकाखाली लव फुटत होती त्या वयात त्यानं त्या चाकाला घरातले सगळे चमचे तारेनं बांधले होते, अशा हिशेबानं की एका बाजूचे चमचे लांब पडतील, दुसऱ्या बाजूचे जवळ, आणि चाक सदा एकीकडे जड राहून फिरत बसेल. आईला दिवसभर पाय मारावे लागत. ते थांबावेत, एवढाच त्याचा उद्देश. चाक खणखणत फिरलं, मंद झालं, थोडं मागं आलं, थांबलं. दादा त्याच्याकडे बघत बसला, आणि मग तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "चिमे, आई आली की तू पलीकडून हळूच ढकलत राहा." आई आली. चाक आपोआप फिरतंय हे पाहून तिनं कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "अगंबाई, आता मी काय करू मग? लोळू का?" मशिनीमागं बसलेल्या मुलीच्या फ्रॉकचा अर्धा घेर तिला दिसत असणारच. तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघंही हसत होते. आतल्या खोलीत मात्र बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, आणि त्यांनी मान वळवली नाही.

बाबा नकाशे काढणाऱ्या कचेरीत होते. एकदा ते कामावरून आले आणि त्या खुर्चीत बसले, ते बसलेच. घरात कुणी आजार हा शब्द वापरत नसे. बाबा बसलेत, असं म्हणत. ते जेवत, विचारलं तर हो-नाही म्हणत, आंघोळ घातली तर करून घेत. छाती वरखाली होताना दिसे. दादा शाळेतून आला की दप्तर न काढता आधी त्यांच्यासमोर उभा राही आणि छातीकडे बघे, हे तिला माहीत होतं. त्याला वाटे, कुणाला माहीत नाही.

"चिमे, तू वर्गात अर्धंच सांगितलंस," दादा म्हणाला. ते आता मोठ्या रस्त्याला लागले होते. बाजूनं गाड्या अंगाला वारा लावून जात होत्या आणि तो फुटपाथाच्या अगदी धारेवरून चालत होता. ती त्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये यायला बघत होती, पण तितकी जागा नव्हती.

"काय अर्धं?"

"विश्व थांबणार की नाही ते."

वाद घालू नका. हो ला हो करू नका. मग उरतं काय? "दादा, आपण घरी जाऊन बोलू."

"म्हणजे तुला माहीत नाही."

आणि इथं तिच्यातली शिक्षिका चिडली. तिलाही ते कळलं, पण उशिरा. "माहीत आहे," ती म्हणाली. "थांबत नाही ते. कण हलतच राहतात. पण गरम आणि गार यांतला फरक कमी कमी होत जातो. तारे विझतात. सगळीकडे सारखंच कोमट होतं. मग हालचाल असते, पण तिच्यातून काही काम होत नाही."

दादा चालता चालता तिच्याकडे वळला. दिवसभरात पहिल्यांदा त्याचा चेहरा गप्प झाला. "म्हणजे बाबांसारखं," तो म्हणाला.

काय बोलून गेलो आपण? वर्षानुवर्षं फळ्यावर हे लिहिताना तिला बाबा कधी आठवले नव्हते, आणि आता वाटलं, की दुसरं काय लिहीत होते मी. ती काही बोलणार तोच दादाचा चेहरा पुन्हा पेटला, आधीपेक्षा जास्त. "पण ते तसं नाहीये. तुम्ही पुस्तकवाले चुकताय. थांब, तुला दाखवतो. इथंच आहे. चल." आणि तो एका उंच इमारतीच्या आवारात शिरला.

रखवालदारानं दादाला सलाम केला आणि दार उघडून धरलं. त्या इमारतीच्या लिफ्टचं काम दादाच्याच कंपनीकडे होतं, किल्ल्या त्याच्या खिशात होत्या, त्याला कोण अडवणार? तिनं रखवालदाराकडे पाहिलं. याला सांगावं का? काय सांगावं? हा माणूस आजारी आहे, याला वर जाऊ देऊ नका? मग तो हात धरणार, मग दुसरा कुणी धावत येणार, आणि मग पुन्हा तेच. निदान चार भिंतींच्या आत आहे, रस्त्यावर नाही, असं तिनं मनाला समजावलं, आणि लिफ्टमध्ये त्याच्यामागं उभं राहून वहिनीला इमारतीचा पत्ता कळवला. टॅक्सी घेऊन या. लवकर. शेवटच्या मजल्यावर उतरून पुढं लोखंडी जिना होता. वर गच्चीच्या पोटात एक बुटकी खोली. दादानं कुलूप काढलं.

खोलीत तेलाचा आणि तापलेल्या तारांचा वास होता. मधोमध मोटर, तिच्या बाजूला कमरेएवढं पोलादी चाक, आणि त्या चाकावरून जमिनीतल्या फटींतून खाली उतरलेले जाड दोर. दादा त्या यंत्राशी उभा राहिला तसा त्याचा आवाज बदलला, मऊ झाला. दोराच्या एका टोकाला लिफ्टचा डबा, दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन, तो सांगत होता. डबा अर्धा भरला की दोन्ही पारडी सारखी. रिकामा असला की वजन जड. मोटर नुसती मदतीला. "सगळे समजतात लिफ्ट विजेवर चालते. वीज हे फक्त निमित्त आहे, चिमे." आणि तिला काही उमगायच्या आत त्यानं भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला.

घरघर थांबली. यंत्राच्या पोटात कुठंतरी ब्रेक धप्पकन बसला. खोली इतकी शांत झाली, की तिला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येऊ लागलं.

"दादा, चालू कर ते."

"आता वीज नाही. बाहेरून काहीही नाही. बघ हं." त्यानं भिंतीला टांगलेला लोखंडी दांडा काढून ब्रेकच्या खाचेत बसवला. तो दांडा कशासाठी असतो हे तिला माहीत नव्हतं, पण ज्या सराईतपणे त्यानं तो बसवला त्यावरून कळलं, की हा ब्रेक हातानं सोडायचा दांडा आहे.

"आत कुणी असेल, दादा."

"रिकामी आहे. आपण उतरलो, की आपोआप तळमजल्याला जाते ती."

"त्यानंतर कुणी बोलावली असेल."

"तू घर्षण मॅडमच राहणार," तो हसून म्हणाला. तिला ते नाव त्याला ठाऊक असल्याचंही माहीत नव्हतं. त्यानं दांडा ओढला.

चाक हललं. आधी नुसता संशय आल्यासारखं, मग निश्चित. दोर सरकू लागले. कसलाही आवाज नाही, मोटर मेलेली, आणि एवढं मोठं पोलादी चाक आपल्या आपण फिरतंय, प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा अंमळ चपळ. तिला कारण माहीत होतं. वजन जड आहे, ते खाली चाललंय, डबा वर येतोय, कुणीतरी पूर्वी वीज खर्चून ते वजन वर नेऊन ठेवलं होतं, तेवढंच हे देणं आहे. सगळं माहीत असून ती बघत राहिली. काय सुंदर दिसत होतं ते. मशिनीमागं फ्रॉक पसरून बसलेल्या मुलीला जे एकदा तरी बघायला मिळावंसं वाटलं असेल, ते समोर चाललं होतं, कुणीही ढकलत नव्हतं. दादाचे डोळे भरून आले होते. "बघ," तो पुटपुटत होता, "बघ, बघ." चाकाचा वेग वाढत होता. तिनं त्याच्या मनगटाकडे हात नेला आणि दिलेला शब्द आठवून हात तसाच हवेत राहिला. बळजबरी नको. पण असाच दांडा धरून उभा राहिला तर डबा वरच्या तुळईवर जाऊन आदळेल. धरू? धरलं तर तो आणखी जोर लावेल. "दादा, पुरे," ती म्हणाली, तेही हळू, झोपलेल्या माणसाशी बोलावं तसं.

तेवढ्यात जमिनीतल्या फटींतून घंटा वाजली. कर्कश, सलग. लिफ्टच्या डब्यातली घंटा वीज गेली तरी वाजते.

दादाच्या हातून दांडा सुटला. ब्रेक धाडकन बसला, दोर थरारले, आणि सगळं जागच्या जागी थांबलं. घंटा चालूच होती.

"कुणीतरी आहे आत," दादा म्हणाला.

तो उभा होता तसाच उभा राहिला. चेहऱ्यावरचं सगळं तेज एका झटक्यात उतरून आता तिथं एक दमलेला, उतारवयाला लागलेला माणूस होता, आणि तो घाबरला होता. तिच्या मनात आलं, आता हा कोसळेल. पण तो गुडघ्यांवर बसला, दोर जिथून खाली जातात त्या फटीशी तोंड नेलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "घाबरू नका. लिफ्टचा माणूस आहे मी. दाराला हात लावू नका. किती जण आहात?"

"एकटीच आहे," खालून बाईचा आवाज आला, विहिरीतून यावा तसा. "काय चाललंय हो? बटण न दाबता वर चालली होती."

"कळलं. आता मी तुम्हाला हळूहळू वर घेणार. मध्येमध्ये थांबेल. थांबली तरी घाबरायचं नाही."

तो उठला. आयुष्यात असं कितीतरी लोकांना त्यानं काढलं असेल. दोरावर जागोजागी पिवळ्या रंगाच्या खुणा होत्या. खूण चाकाशी आली की डबा मजल्याशी लागतो, हे त्यानं तिला दोन वाक्यांत सांगितलं. मग दांड्याला हात घातला आणि काढून घेतला. पुन्हा घातला. हात थरथरत होता. इतक्या रात्रींची झोप त्या हातात साचली होती, आणि आता ती एकदम वर आली होती. तो आपल्याच हाताकडे बघत राहिला.

"याचा भरवसा नाही," तो म्हणाला. "चिमे, दांडा तू धर."

"मला येत नाही, दादा."

"मी सांगतो ना. ओढलास की चालेल, सोडलास की थांबेल. मी थांब म्हटलं की त्या क्षणी सोडायचं. विचार करत बसायचं नाही."

तिनं दांडा धरला. लोखंड त्याच्या घामानं ओलं होतं. दादा दोराशी ओणवा झाला, डोळे पिवळ्या खुणेवर.

"ओढ," तो म्हणाला. चाक हललं. "थांब."

तिनं सोडलं. धप्प.

"ओढ. थांब. घाई नको. वेग घेऊ द्यायचा नाही तिला, वेग घेतला की ती आपली राहत नाही. ओढ. थांब."

तिच्या खांद्यात कळ भरली. ओढताना प्रत्येक वेळी वाटे की आता हे हाताबाहेर जाईल, आणि प्रत्येक वेळी त्याचा आवाज येई. थांब. सकाळपासून हा शब्द तिच्या जिभेवर होता, वहिनीच्या होता, डॉक्टरीणबाईंच्या होता, आणि कुणाला तो उच्चारायची हिंमत नव्हती. आता तोच म्हणत होता, पुन्हा पुन्हा, जराही न चिडता, लहान मुलाला रस्ता ओलांडायला शिकवावा तशा आवाजात. मध्येच तो फटीशी वाकून बाईला म्हणे, "झालंच आता." शेवटची खूण चाकाशी आली. "थांब. बस. लागली."

दोघं लोखंडी जिना उतरून शेवटच्या मजल्यावर धावली. दादानं किल्लीनं दार उघडलं. आत एक ठेंगणी बाई रबराच्या झाडाची भली मोठी कुंडी छातीशी धरून उभी होती, पानांतून नुसते डोळे दिसत होते. ती बाहेर आली, कुंडी खाली ठेवली आणि भिंतीला टेकली. "आवाज झाला असता तर इतकं वाटलं नसतं," ती म्हणाली. "कसलाच आवाज नव्हता हो. गुपचूप वर चालली होती."

"माझी चूक झाली," दादा म्हणाला. "आत कुणी आहे का बघितलं नाही मी."

बाई त्याला बोलणार होती. तोंड उघडलंही होतं तिनं. पण त्याच्याकडे नीट पाहिल्यावर काय वाटलं कोण जाणे, "असू दे, आहे ना मी धड," म्हणाली, आणि कुंडी तिथंच सोडून जिन्यानं खाली आपल्या घरी गेली. दादानं लिफ्टचं दार लावून घेतलं, वीज बंदच ठेवली. मग किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात दिला. "उद्या कंपनीत नेऊन दे. कुणाला तरी पाठवा म्हणावं, ब्रेक तपासून घ्या. मी करू नये आता." एवढं सरळ, व्यवस्थित वाक्य. तिनं जुडगा पर्समध्ये अगदी तळाशी ठेवला.

पायऱ्या उतरताना तो कठड्याला धरून उतरत होता. फोन वाजला. वहिनी टॅक्सीत होती, येतेच म्हणाली.

"दवाखान्यात जायचंय ना," दादा म्हणाला.

"हो."

"गोळ्या सुरू करतील."

"हो."

"चिमे, त्या घेतल्या की सगळं हळू होतं. मग वाटतं, हे हळू हळू होत थांबणार. आणि मग मी कुठल्यातरी खिडकीशी बसेन, आणि तुम्ही सगळे म्हणाल, दादा बसला." तो एका पायरीवर थांबला. "मागच्या वेळी परत सुरू झालो. या वेळी होईनच असं कुणी लिहून दिलंय का?"

हो म्हणावं, असं तिला फार वाटलं. म्हणायला काय जातं. वर्गात ती किती गोष्टी छातीठोकपणे सांगत असे. पण वर चाकाशी दांडा धरून उभं असताना जो आवाज तिनं ऐकला होता, त्याच्याशी खोटं बोलणं तिला जमेना. "मला माहीत नाही, दादा," ती म्हणाली.

"आणि विश्वाचं?"

"तेही खरं तर माहीत नाही. आपली सगळी गणितं डब्यातली आहेत. भिंती असलेल्या जागेतली. एवढं मोठं, पसरत जाणारं, ज्याला बाहेरच नाही, त्याची ऊर्जा तेवढीच राहते का, हे विचारायचं कसं यावरसुद्धा एकमत नाही. ते विझेल असं पुस्तकात आहे. मी तेच सांगते. पण ते सुरू का झालं हे ज्यांना कळलं नाही, त्यांनी ते थांबेल हे इतक्या खात्रीनं सांगावं का, ते मला कळत नाही."

दादा ऐकत होता. तिनं त्याला इतका वेळ नुसतं ऐकताना गेल्या कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. "हे वर्गात का नाही सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"तू शेवटच्या बाकावर बसला होतास. मला भीती वाटत होती."

तो हसला, आवाज न करता, नुसते खांदे हलले. मग त्यानं एक हात भिंतीला टेकवला आणि म्हणाला, "जरा बसू?"

दिवसभर ती याच शब्दाची वाट बघत होती, आणि तो आला तेव्हा तिला तो नको झाला. तो पायरीवर बसत होता, गुडघ्यांवर तळवे टेकवून, पाठ वाकवून, आणि त्या वाकण्यात बाबा होते, जसेच्या तसे. ऊठ म्हणावं, चल म्हणावं, खाली जाऊ, चालत राहू, असं सगळं तिच्या ओठांशी आलं. सकाळी जो थांबत नाही म्हणून जीव टांगणीला लागला होता, तो आता थांबला म्हणून लागला. ती त्याच्या शेजारी बसली. जिन्यात कुठल्याशा घरातली भांडी वाजत होती. दादाचा श्वास मोठ्यानं चालला होता, मग संथ झाला. तिनं त्याच्या छातीकडे बघितलं, आणि आपण बघतोय हे त्याला दिसू नये म्हणून लगेच समोर पाहिलं.

खालून पावलं ऐकू आली. वहिनी जिना चढत होती, मजल्यामजल्यावर थांबून त्याला हाक मारत होती, घाबरी, धापा टाकत.

"तिला सांग, वर येऊ नको म्हणावं," दादा म्हणाला. "तिचे गुडघे दुखतात. आपणच जातोय खाली."

तिनं कठड्यावरून वाकून तसं ओरडून सांगितलं. पावलं थांबली. दादा मात्र उठला नाही. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता, पापण्या जड झाल्या होत्या. ती उभी राहिली. घाई करायची नव्हती. बऱ्याच वेळानं त्यानं तिच्या दिशेनं हात वर केला.

"हात दे," तो म्हणाला.

उठण्यासाठी मागतोय की नुसता धरायला, हे तिला कळलं नाही. तिनं दिला.